अमेरिकेचे घड्याळ सरकते तेव्हा अहवालाचे काय करावे?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यातून न्यू जर्सीच्या एका ग्राहकाला यंत्रांचे सुटे भाग जातात. त्याच्या ऑर्डरी आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये भारतीय वेळेने नोंदल्या जातात, पण रोजचा अहवाल त्याला त्याच्या तारखेप्रमाणे हवा असतो, म्हणून आम्ही क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) साडेदहा तास वजा करतो. मार्चपासून आमची बेरीज त्याच्याशी जुळत नाही आणि नोव्हेंबरात आपोआप जुळू लागते. मार्चमध्ये साडेदहाचे साडेनऊ केले, तर जानेवारीचा अहवाल पुन्हा काढताना त्यातले आकडे बदलले. कायमचा उपाय सुचवावा.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : सारा दोष त्या वजाबाकीत आहे. 2007 पासून अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. त्यामुळे न्यू जर्सी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. उन्हाळ्यातही साडेदहाच वजा केले, की तेथे मध्यरात्र ते एक या वेळेत आलेली प्रत्येक ऑर्डर आदल्या तारखेत जाऊन बसते. क्वेरीत दर मार्चला आणि नोव्हेंबरला आकडा बदलणे हा तर मूळ दुखण्याहून वाईट उपाय आहे, कारण तो बदल जुन्या नोंदींनाही लागू होतो.

तासांचा आकडा काढून टाकावा आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ हे वेळ-विभागाचे (टाइम झोनचे) नाव वापरावे, म्हणजे कोणत्या तारखेला किती फरक होता हे डेटाबेस स्वतः पाहील. मायएसक्यूएलमध्ये यासाठी कन्व्हर्ट-टीझेड हे फंक्शन आहे. मात्र टाइम झोनची कोष्टके आधी भरलेली नसतील, तर विभागाचे नाव दिल्यावर ते नुसते ‘नल’, म्हणजे रिकामे उत्तर, परत करते, हे पहिल्यांदा तपासावे. ‘ईएसटी’ असे संक्षिप्त रूप मात्र वापरू नये, कारण ते फक्त हिवाळ्याच्या वेळेचे नाव आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट दिवसाच्या सीमेची. ग्राहकाच्या मध्यरात्रीपासून त्याच्या पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ आधी भारतीय वेळेत काढावा आणि त्या दोन सीमांमधल्या नोंदी निवडाव्यात. सुरुवातीचा क्षण धरावा, शेवटचा सोडावा. प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवावे लागत नसल्याने इंडेक्सही (नोंदी झटपट शोधून देणारी सूची) कामी येतो. सुरुवातीत चोवीस तास मिळवून शेवट मात्र कधीही काढू नये. उदाहरणार्थ, 8 मार्च 2026 हा न्यू जर्सीचा दिवस आपल्या सकाळी साडेदहाला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेनऊला संपतो, म्हणजे तेवीस तासांचा. 1 नोव्हेंबरचा दिवस पंचवीस तासांचा. या दोन दिवशी ताशी सरासरी काढताना भागाकारही तेवीसने आणि पंचवीसनेच करावा लागतो.

आपल्या नोंदी भारतीय वेळेत आहेत ही मोठी जमेची बाजू आहे. आपले घड्याळ वर्षभर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढेच असते, म्हणून जुनी नोंद यूटीसीत नेताना काहीच हरवत नाही. त्याच नोंदी ग्राहकाच्या स्थानिक वेळेत असत्या, तर 1 नोव्हेंबरची रात्री दीडची ऑर्डर घड्याळ मागे येण्यापूर्वीची की नंतरची, हे केवळ वेळेवरून सांगता आले नसते, कारण त्या रात्री दीड दोनदा वाजतो. तासवार अहवालात हे दोन तास वेगळ्या ओळींत दाखवावेत.

अहवाल वर्षभर भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहानंतरच चालवावा, म्हणजे दोन्ही ऋतूंत ग्राहकाचा दिवस पूर्ण झालेला असेल. आपल्या बिलांची आणि जीएसटीची तारीख भारतीयच राहू द्यावी. तिचा या रूपांतराशी संबंध नाही. पुढे युरोपातील ग्राहक जोडला, तर त्याला त्याच्या शहराचा विभाग द्यावा, कारण तेथील घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. टाइम झोनची कोष्टकेही वेळोवेळी अद्ययावत करावीत. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक भागांत घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत बंद केली, तेव्हा जुन्या कोष्टकांवर चालणारे अहवाल पुढच्या उन्हाळ्यात एका तासाने चुकणे अटळ होते.