‘समांतर’ नव्हे, ‘एकसंपाती’

प्रश्न असा आहे: जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत मॅपला (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या पद्धतीला) असिंक फंक्शन (जे लगेच उत्तर न देता ‘प्रॉमिस’, म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराची हमी, परत करतं) देऊन त्यावर प्रॉमिस ऑल (सगळी प्रॉमिसं पुरी व्हायची वाट पाहणारं) लावलं, तर कामं ‘समांतर’ चालतात असं म्हणावं का? आणि फॉर-ऑफ या लूपमध्ये अवेट (उत्तर येईपर्यंत थांबवणारा शब्द) लावलं, तर ‘क्रमाने’ म्हणावं का?

‘समांतर’ अजिबात म्हणू नये. जो तो हाच शब्द वापरतो आणि तो इथे साफ चुकीचा आहे. आपला जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच सूचना पाळत, चालतो. समजा यादीतून तीन विनंत्या पाठवायच्या आहेत: मॅप त्या लागोपाठ सोडून मोकळा होतो. एकाच वेळी चालू असतं ते फक्त त्यांच्या उत्तरांची वाट पाहणं. प्रत्येकीला एक सेकंद लागत असेल तरी तिन्ही मिळून साधारण सेकंदातच उरकतात, ते यामुळे.

म्हणावं ‘एकसंपाती’, म्हणजे इंग्रजीतलं कन्करंट. पॅरलल (समांतर) आणि कन्करंट हा भेद मराठीला नवा नाही. शाळेच्या भूमितीत आपण घोकलंय: त्रिकोणाच्या मध्यगा एकसंपाती असतात. समांतर रेषा कधीच भेटत नाहीत, एकसंपाती रेषा एका बिंदूत मिळतात. कन्करंटच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘एकत्र धावणं’ आहे. आपल्या संपातात ‘सम्’ आणि ‘पत्’, म्हणजे एकत्र येऊन पडणं. ‘पत्’चा अर्थ उडणं असाही आहे, म्हणून तर पतंग! वसंतसंपातही तोच: क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) आणि खगोलीय विषुववृत्त जिथे मिळतात त्या दोन बिंदूंपैकी एक. सुटलेली सगळी प्रॉमिसं जिथे येऊन मिळतात ते प्रॉमिस ऑल म्हणजे संपातबिंदूच. याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

कन्करंटसाठी परिभाषाकारांचा आग्रह ‘समवर्ती’चा. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत तो शोभतो, पण त्यात ना धावणं आहे ना मिळणं. अमरकोशात तर ‘समवर्ती’ हे यमाचं नाव आहे, सर्वांशी सारखं वागणारा म्हणून. ते नाव प्रोग्रामच्या गळ्यात कशाला?

राहिलं ‘क्रमाने’. तेही टाळा, कारण प्रॉमिस ऑलसुद्धा उत्तरं मूळ यादीच्याच क्रमाने देतं, मग एखादी विनंती आधी पुरी झालेली का असेना. फॉर-ऑफमधल्या अवेटला किंवा रिड्यूसने (यादीतले घटक एकेक करून जोडत नेणाऱ्या पद्धतीने) ओवलेल्या प्रॉमिसांच्या साखळीला ‘एकापाठोपाठ एक’ म्हणा: आधीचं संपल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. फॉरईचला (यादीवर फिरणाऱ्या आणखी एका पद्धतीला) मात्र यातलं काहीच लागू नाही. असिंक फंक्शनने परत केलेलं प्रॉमिस तो टाकून देतो, त्यामुळे तिथे ना पाठोपाठ, ना संपात.