चेहरा जुळला, पण आजोबा कुठे गेले?

गेल्या अंकात विचारलं होतं की तुमच्या घरात भिंतीवर कुणाचं रंगवलेलं चित्र आहे का आणि ते बघून काय वाटतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले पाच प्रश्न घेतोय. काहींनी थेट चित्रांचे फोटोच पाठवलेत, त्यांचे वेगळे आभार.

सर, आमच्या सांगलीच्या घरात आजोबांचं मोठं तैलचित्र आहे. ते गेल्यावर बाबांनी ऑर्डर देऊन एका ग्रुप फोटोवरून काढून घेतलं. नाक, डोळे, टोपी सगळं बरोब्बर आलंय. पण आजी शेवटपर्यंत म्हणायची, "हे ते नव्हेत." असं का होतं?

आजीचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात याला 'लाइकनेस' म्हणतात, म्हणजे मापं जुळली, दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची उतरण, हनुवटी. हे हाताला सवयीनं येतं, त्यात फार मोठं काही नाही. पण तुमच्या चित्रकारानं आजोबांना कधी बघितलंच नव्हतं, त्यानं बघितला तो फोटो, आणि फोटोत आजोबा ताठ उभे कारण फोटोग्राफर ओरडला असणार, "हलू नका!" म्हणजे चित्रात आलं ते आजोबांचं त्या एका क्षणापुरतं अवघडलेपण, आणि आजीनं तर त्यांना चाळीस-पन्नास वर्षं न अवघडलेलं बघितलेलं.

सिटिंगला माणूस समोर बसतो तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं तोही फोटोसारखाच बसतो. मग मान जराशी उतरते, एक खांदा खाली जातो, मांडीवर नीट ठेवलेला हात अंगठीशी खेळायला लागतो, आणि डोळे तुमच्याकडे असले तरी माणूस दुसरीकडेच कुठेतरी गेलेला असतो. मी तर तोपर्यंत नुसते रंगाचे ढोबळ पॅच लावत बसतो, खरं काम त्यानंतर. एकदा एका शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांचं चित्र करत होतो, ते सारखा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचे, बोलताना पुसायचे, गप्प असतानाही पुसायचे. मी तो चष्मा हातात घेतलेलाच रंगवला. कमिटीनं बघितलं आणि म्हणाले छे छे, चष्मा डोळ्यावर पाहिजे, आणि छातीवर मेडल दाखवा. दाखवलं, पैशाची गरज होती. चित्र हॉलमध्ये लागलंय, पण मला ते बघवत नाही.

आता उलट उदाहरण. स्पेनचा चित्रकार वेलाझ्केझ १६५० मध्ये रोममध्ये होता आणि पोप इनोसंट दहावे यांचं चित्र करायचं होतं. त्याआधी हात साफ करायला म्हणून, असं सांगतात, त्यानं आपल्याच मदतनिसाचं चित्र केलं. हुआन दे पारेहा त्याचं नाव, आणि तो नोकर नव्हता, गुलाम होता, वेलाझ्केझच्या मालकीचा. चित्रात बघा, गडद कपडे, पांढरी लेसची कॉलर, एक हात आडवा घेऊन अंगावरचा झगा धरलाय, कपाळावर एक ठसठशीत हायलाइट, आणि नजर अशी सरळ तुमच्यावर की आपणच जरा नीट उभे राहतो. गुलाम आहे हे चित्रात कुठेही लिहिलेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेलाझ्केझनं त्याला मुक्त करायच्या कागदावर सही केली (अट होती, अजून चार वर्षं काम करायचं, म्हणजे मन फार मोठं होतं असंही नाही). हे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

आणि मग पोप. वय पंचाहत्तरच्या पुढे. मागचा पडदा लाल, खुर्ची लाल, टोपी लाल, खांद्यावरचा रेशमी केप लाल, आणि चेहराही तांबूसच, लालावर लाल रंगवायची हिंमत किती लागते हे ज्यानं ब्रश धरलाय त्यालाच कळेल. ओठ घट्ट मिटलेले. डोळे तुमच्याकडे, पण तिरके, समोरचा माणूस काय मागायला आलाय ते आधीच ओळखलेले. बघून पोप म्हणाले "फारच खरं आहे," अशी आख्यायिका आहे. म्हणाले असोत नसोत, चित्र परत पाठवलं नाही, वर वेलाझ्केझला सोन्याची साखळी आणि पदक दिलं. ते आजही रोमला पोपच्याच घराण्याच्या संग्रहात, डोरिया पाम्फिली राजवाड्यात लटकतंय. तेच शहर, तेच वर्ष, तोच ब्रश, आणि गुलामाकडे बघून आदर वाटतो, पोपकडे बघून सावध व्हायला होतं. दोघंही त्याच्यासमोर बसले होते, एवढंच सांगायचंय.

पण पैसे देणाऱ्याला खूश ठेवायला चित्रकार खोटं काढतच असणार ना? मग जुन्या चित्रांवर विश्वास कसा ठेवायचा? (ठाणे)

काढतात की. पण सगळ्यात गाजलेली केस ऐका, ती थेट आपल्या 'स्थळ बघायला फोटो पाठवा' वाली आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, चौथ्या लग्नाच्या तयारीत. त्यानं आपला चित्रकार होल्बाइन याला मुली 'बघायला' युरोपात पाठवलं. १५३८ मध्ये ब्रुसेल्सला डेन्मार्कची ख्रिस्तिना, सोळा वर्षांची विधवा, तिनं फक्त तीन तास सिटिंग दिली. त्या स्केचवरून पुढे केलेलं पूर्ण उंचीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, अख्खा काळा पोशाख आणि त्यात उजळून निघालेले दोन हात नि चेहरा. ते लग्न जमलं नाही. मग १५३९ मध्ये जर्मनीतल्या क्लीव्हची ॲन. होल्बाइननं तिला अगदी समोरून रंगवलं, आणि समोरून काढलं की नाकाची लांबी कळत नाही हे आमच्यातलं जुनं गुपित आहे. हेन्रीनं चित्र बघितलं, होकार दिला, १५४० च्या जानेवारीत लग्न झालं, राजाला नवरी पसंत नाही पडली, जुलैत लग्न रद्द. जमवाजमव करणाऱ्या मंत्र्याचं, क्रॉमवेलचं, त्याच महिन्यात डोकं उडवलं (कारणं आणखीही होती). होल्बाइनला मात्र काही झालं नाही.

आता ते चित्र, पॅरिसला लूव्ह्रमध्ये आहे, नीट बघितलं तर होल्बाइन खोटं बोललाय असं मला वाटत नाही. कपड्यावरचे मोती, सोन्याच्या पट्ट्या, लाल मखमल इतकं जीव ओतून केलंय, आणि चेहरा? शांत, बंद, काही सांगत नाही. चित्रकाराला माणूस सापडला नाही की तो कपड्यात रमतो. मला वाटतं होल्बाइननं तेवढं कळवलं होतं, राजाला वाचता आलं नाही. बाकी ॲनचं वाईट झालं नाही हो, इस्टेट मिळाली, आणि हेन्रीच्या सहाही बायकांमध्ये सगळ्यात शेवटी गेली ती हीच.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांत राजे-सरदार सगळे एका बाजूनंच का दिसतात? त्यांना समोरून काढता येत नव्हतं का? (पुणे)

येत होतं. अकबराच्या काळात तीनचतुर्थांश, म्हणजे समोरून जरासे वळलेले, चेहरे भरपूर आहेत. जहांगीर, शाहजहानपासून बाजूचा चेहरा हीच दरबारी रीत झाली, कारण बाजूनं काढलेला राजा कुणाच्या डोळ्यात बघत नाही, नाण्यावरच्या मुद्रेसारखा असतो, आपण त्याचं दर्शन घ्यायचं, त्यानं आपल्याकडे बघायचं नाही. हीच रीत पुढे दख्खनमध्ये, मराठी दरबारात सगळीकडे चालली.

ती मोडलेली बघायची तर सवाई माधवराव बघा. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याला रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, मॅलेट याच्या ओळखीनं आला आणि १७९२ च्या सुमारास त्यानं पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे सगळ्यांना तेलरंगात रंगवलं. आता कॅनव्हासवर सावली आली, मांडीचं वजन आलं, गादीवर बसलेला माणूस गादीत रुतायला लागला. पेशवे अठरा वर्षांचे, अंगावर दागिने. शेजारी नाना, सडसडीत, लांबट चेहऱ्याचे, साधे पांढरे कपडे. कारभार कुणाच्या हातात होता हे इतिहास न वाचलेल्यालाही कळावं. तीन वर्षांनी, १७९५ मध्ये पेशवे गेले आणि वेल्सही गेला. त्याची स्केचेस वापरून इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलनं पुणे दरबारातल्या १७९० च्या तहाचं मोठं चित्र १८०५ मध्ये पुरं केलं, आणि तो काही त्या दरबारात बसलेला नव्हता. त्यात मॅलेटचं महत्त्व किती मोठं दिसतं ते बघाल तेव्हा चित्र करून घेणारा कोण होता हेही आठवा.

बालगंधर्व रंगमंदिरातली ती दोन चित्रं, त्यातलं खरं बालगंधर्वांचं कोणतं? (पुणेच, वय १९)

वा, पोरा. रंगमंदिर झालं १९६८ मध्ये, बालगंधर्व गेले त्याच्या आदल्या वर्षी. चित्रकार गोपाळ देऊस्करांनी तिथे एक चित्र पुरुषवेषात केलं, एक स्त्रीवेषात. ज्या माणसाची सगळी ओळखच दुसरं कुणीतरी होण्यात होती त्याचा 'स्वभाव' एका चित्रात बसवायचा कसा? देऊस्करांनी बसवायचा प्रयत्नच केला नाही, दोन लावली. मी नाटकाला गेलो की मध्यंतरात लोक कुठल्या चित्रापुढे थांबतात ते बघत असतो, बहुतेक स्त्रीवेषातल्या. तूही एकदा उभा राहून बघ.

मुलानं मोबाइलवर ॲप वापरून पणजीच्या फिकट फोटोचं रंगीत पोर्ट्रेट बनवलंय. फार सुंदर आलंय. फ्रेम करू का? दोन्ही पाठवतेय. (कऱ्हाड)

करा ताई, मुलानं हौसेनं केलंय. पण दोन्ही शेजारी ठेवून बघितलंत का? फोटोत पणजीच्या कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू आहे, ॲपनं गोल टिकली केली. नथ डाव्या नाकपुडीत होती ती उजवीकडे गेली. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचलाय, ॲपनं तो लग्नातल्या शालूसारखा मोकळा सोडलाय. आणि हसवलंय! मूळ फोटोत ती हसत नाहीये, डावी भुवई किंचित वर आहे, कॅमेरावाल्याला आवर म्हणतेय असं वाटतं. ॲपनं ती भुवई सरळ केली. म्हणजे तिचा काळही गेला आणि तीही गेली, राहिली एक छान दिसणारी बाई.

तर फ्रेम दोन्हींची करा. आणि फोटोच्या मागे पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं पुढून उमटलेलं दिसतंय, काचेत बसवायच्या आधी त्याचा एक फोटो काढून मला पाठवाल का?