घरबसल्या मोफत उपग्रहचित्रांवरून मुंबईची खारफुटी, चिखल आणि खडक मोजता येतात का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की भूगोलाच्या एम. ए.साठी प्रकल्प करायचाय, मनोरी-गोराई खाडीपासून हाजी अलीपर्यंतचा किनारा घ्यायचाय, गेल्या काही वर्षांत काय बदललं ते दाखवायचंय आणि खिशात पैसे नाहीत. मोफत चित्रं पुरतील का, की ड्रोन लागेल?

खारफुटी येईल, आणि चांगली येईल. चिखल अर्धामुर्धा येईल. खडक त्याहून कमी, आणि खडकावरचं प्रवाळ अजिबात नाही. चित्रं मोफत असण्याशी याचा काही संबंध नाही. मुंबईत मुख्य अडचण घड्याळाची आहे. ती कळायला मला एक पूर्ण फजिती करून घ्यावी लागली, म्हणून आधी तीच सांगतो.

नकाशे करणं हे माझं पोटापाण्याचं काम. काही वर्षांपूर्वी हौसेनं गोराई खाडीची सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहानं टिपलेली दोन चित्रं घेतली. फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ असते. दोन्हींवर पहाटे पाच चाळीसच्या आसपासची वेळ होती. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. पहिलं चित्र अमावास्येचं, सहाच्या सुमाराला ओहोटी, म्हणजे हे ओहोटीचं चित्र. दुसरं काही वर्षांनंतरचं, अष्टमीचं, सहाला भरती, म्हणजे भरतीचं चित्र. आणि गंमत अशी की ओहोटीच्या चित्रात खाडी तुडुंब, तर भरतीच्या चित्रात दोन्ही काठांना चिखल उघडा. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो : खाडी इतकी गाळानं भरलीय की आता भरतीलाही पाणी चढत नाही! त्याची स्लाइडसुद्धा केली.

वेसाव्याचे एक नाखवा आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना कौतुकानं दाखवली. ते म्हणाले, "भरतीला चिखल उघडा? मग आमच्या होड्या काय हवेतून जातात?" मग विचारलं, "तिथी कुठली?" मी म्हटलं, अष्टमी. "वेळ?" पाच चाळीस. त्यांनी चित्राकडे पुन्हा पाहिलं. "एवढं ऊन पाच चाळीसला?"

झालं. फाइलवरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे अकरा-सव्वाअकराच्या आत-बाहेर. माझं भरतीचं चित्र ओहोटीचं होतं आणि ओहोटीचं भरतीचं. खाडी जिथल्या तिथे होती.

नाखवांचा हिशोब तुम्ही आजोबांकडून ऐकला असेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत सारखंच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे कोळ्यांची सुकती. तासभर इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर पहिल्या चाळणीला एवढं पुरतं. नेमक्या आकड्यांसाठी छापील तक्ता आहेच.

आता हे उपग्रहाला लावून बघा. सेंटिनेल-२ सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतो, त्यामुळे मुंबईवरून तो नेहमी सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास जातो. अमेरिकेचा लँडसॅट त्याच्या थोडा आधी. समुद्राचं वेळापत्रक मात्र चंद्राचं, रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकणारं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेला, मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि सर्वात खोल ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या बाजूला. म्हणजे उधाणाला उपग्रह डोक्यावर असतो तेव्हा किनारा बुडालेला. त्याला अकरा वाजता ओहोटी मिळते ती षष्ठी ते अष्टमीच्या दरम्यान, आणि ती भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांतली ओहोटी. उधाणाची ओहोटी मुंबई बंदरात सरासरी पाऊण मीटरपर्यंत उतरते, भांगाची पावणेदोन-दोन मीटरवरच थांबते. मीटर-सव्वा मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण मंद उताराच्या चिखलावर पाणी एक मीटर उतरलं की काठ शे-दोनशे मीटर सहज सरकतो.

थोडक्यात, हाजी अलीचे किंवा मरीन ड्राइव्हचे जे खडक उधाणाच्या पहाटे उघडे पडतात, त्यातला खालचा पट्टा या उपग्रहांनी कधी पाहिलेलाच नाही. चित्रं हजार जमवा, तो त्यात नसणार.

आणखी एक बारीक खोडी. दोन सेंटिनेल-२ मिळून पाच दिवसांनी फेरी होते. तीन फेऱ्यांचे पंधरा दिवस, आणि पक्षही जवळपास पंधरा दिवसांचा. त्यामुळे एका मोसमात तुम्हाला फिरून फिरून त्याच दोन-तीन तिथी भेटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथी जेमतेम दोनेक दिवसांनी सरकते. एखाद्या वर्षी सगळी निरभ्र चित्रं भरतीचीच निघाली तर नवल वाटून घेऊ नका, आणि त्यावरून त्या वर्षी चिखल घटला असं तर मुळीच लिहू नका. तुलना करायची ती सारख्या तिथीची, सारख्या पाणीपातळीची. 'डिसेंबर विरुद्ध डिसेंबर' एवढं पुरत नाही.

यावर उतारा आहे तो रडारचा. सेंटिनेल-१ (पहिला २०१४ साली गेला) पहाटे आणि संध्याकाळी, आपल्या वेळेनुसार सहा-साडेसहाच्या आसपास जातो. म्हणजे नेमका उधाणाच्या ओहोटीला! कोणी मुंबईसाठी मुद्दाम आखलेलं नाही, योगायोग आहे, पण आपल्या पथ्यावर पडतो. रडारला ढग अडवत नाहीत, त्यामुळे जून ते सप्टेंबर बाकीचे आंधळे असतात तेव्हाही त्याला दिसतं. खडबडीत खडक त्यात उजळ दिसतो. अडचण चिखलाची : गुळगुळीत ओला चिखल आणि शांत पाणी रडारला सारखंच काळं. त्यामुळे खडकाला रडार, चिखलाला भांगाच्या दिवसांची साधी चित्रं, अशी वाटणी करा. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार हा रडार-उपग्रह गेला, त्याची कक्षाही सकाळ-संध्याकाळचीच आहे, आणि त्याच्या लांब लहरी पानांच्या आत शिरतात. तिवरांसाठी (आपल्या खारफुटीतलं मुख्य झाड) तो पुढे फार कामाचा ठरेल असं मला वाटतं. पण तुमच्या प्रकल्पाला मागची वर्षं हवीत, तेव्हा तो सोडा.

खारफुटीचं काम त्या मानानं सोपं. झाडांचा शेंडा भरतीलाही पाण्यावरच असतो, त्यामुळे घड्याळाचा जाच कमी. सेंटिनेल-२ मध्ये निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे चार पट्टे दहा मीटरचे आहेत, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब-रुंद. अवरक्तातून लाल वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की हिरवाईचा निर्देशांक, एनडीव्हीआय. हे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम. पण निर्देशांकाला हिरवं कळतं, तिवर कळत नाही. पावसाळ्यानंतरच्या चित्रात गवत, नाल्यातली जलपर्णी, वेडी बाभूळ, सोसायटीची बाग, सगळं एकच. म्हणून मी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातलं चित्र घेतो. तेव्हा डोंगरउताराचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि तिवरं मात्र हिरवीगार. उरलेली आंबा-पिंपळासारखी सदाहरित झाडं वेगळी काढायला लघुलहरी अवरक्ताचा पट्टा वापरा. तिवरांखालची जमीन ओली असल्यानं त्यात ती गडद येतात. तो पट्टा वीस मीटरचा आहे, हे ध्यानात ठेवा.

जाती वेगळ्या करायच्या फंदात पडू नका. मुंबईत बहुतेक तिवरच, मधूनमधून चिपी, कुठे कांदळ. (पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, पण दहा मीटरच्या ठिपक्याला त्याचं काय?) मिठागरांपासून मात्र सावध. तीच जागा एका चित्रात पाणी, दुसऱ्यात चिखल, तिसऱ्यात पांढरंशुभ्र मीठ. संगणकाच्या हाती वर्गीकरण सोपवलंत तर दर वर्षी तिथे नवी क्रांती झालेली दिसेल. त्यांची हद्द हातानं आखून बाजूला ठेवलेली बरी.

सरकारी आकड्यांशी पडताळायचं असेल तर एक गोष्ट समजून घ्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३२० चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात ३२४. ते भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या साडेतेवीस मीटरच्या चित्रांवरून मोजतात आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरत नाहीत. नाल्याकडेची पंधरा मीटर रुंदीची तिवरांची रांग त्यात येत नाही, तुमच्या दहा मीटरच्या नकाशात कदाचित येईल. मग तुमचा आकडा मोठा आला तर ती वाढ झाडांची नाही, ठिपक्याची. जुन्या लँडसॅटच्या तीस मीटरशी सेंटिनेल जोडतानाही हेच. आधी सेंटिनेलचे ठिपके जाड करून तीसवर आणा, मग तुलना करा.

त्याच कारणानं अहवालात 'अतिक्रमण' हा शब्द जपून वापरा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि तिच्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. पन्नास मीटर म्हणजे तुमचे पाच ठिपके, आणि नकाशा एक-दोन ठिपक्यांनी सहज सरकलेला असतो. एखाद्याची भिंत त्या पट्ट्यात आहे की बाहेर, हे तुम्ही घरबसल्या सांगू शकत नाही. ते काम मोजणीवाल्यांचं.

आणि हिरवं वाढलं म्हणजे चांगलंच झालं, असंही गृहीत धरू नका. ठाणे खाडीत गाळ साचत गेला तशी तिवरं पूर्वीच्या उघड्या चिखलावर पसरत गेली आहेत. नकाशात ती बाब छान हिरवी दिसते. पण रोहित पक्षी चरतात ते उघड्या चिखलावर, झाडीत नव्हे. ज्या पक्ष्यांच्या नावानं २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला, त्यांचं ताट त्या हिरव्या रंगाखाली जातंय. म्हणून 'खारफुटी' आणि 'चिखल' असे दोन्ही रकाने ठेवा, आणि कुठला ठिपका कशातून कशात गेला ते दाखवा. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा सगळ्यात वाचनीय तक्ता तोच होईल.

आता पाण्याखालचं. लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात निळा-हिरवा प्रकाश तळापर्यंत जाऊन परत येतो, तिथे प्रवाळ आणि सागरी गवत उपग्रहावरून आखता येतं. आपल्याकडे हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसत नाहीत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर पाणी स्वच्छ आहे, पण त्याचा सर्वात उथळ भागच वीस मीटर खोल, म्हणजे तिथेही ही पद्धत काठावरच पास. मुंबईत प्रवाळ आहे, हे खरं. किनारी रस्त्याच्या कामात वरळी-हाजी अलीकडच्या अठरा वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, ते बातम्यांत आलं होतं. पण या वसाहती पाहायच्या तर ओहोटीला वाकून खडकाच्या खबदाडात बघावं लागतं. तळहाताएवढी वस्तू शंभर चौरस मीटरच्या ठिपक्यात कुठे शोधणार? त्यासाठी २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले किनारफेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर जा. त्यांनी टिपलेल्या जागा तुमच्या खडकांच्या नकाशावर टाकल्या तरी बरंच झालं.

ड्रोन नको. मुंबईत विमानतळ, नौदल, बंदर यांमुळे बहुतेक किनारा परवानगीच्या कचाट्यात आहे. प्रकल्पाची मुदत संपेल आणि अर्ज टेबलावरच असेल.

त्यापेक्षा एक करा. कालनिर्णय आणि उपग्रहाचं वेळापत्रक शेजारी ठेवून हिवाळ्यातला असा दिवस काढा की त्या दिवशी सेंटिनेल-२ जाणार आहे आणि तिथी षष्ठी-सप्तमी आहे. त्या दिवशी मार्वेवरून फेरीनं मनोरीला उतरा आणि अकरा वाजता काठावर असा. चिखल कुठे संपतो, पाणी कुठे सुरू होतं, तिवरांची कड कुठे आहे, अशी पन्नासेक ठिकाणं फोनच्या जीपीएसवर टिपा. फोन पाच-दहा मीटर चुकतो, म्हणून अगदी कडेवर न टिपता प्रत्येक प्रकाराच्या मधोमध उभे राहा. फीत बांधून पायांत घट्ट बसणारे जुने बूट घाला. चप्पल तिथला चिखल परत देत नाही.