कल नाही, की वेळ पुरला नाही?

"मॅडम, हिचा डॉक्टरकीकडे कलच नाही, असं चाचणी सांगतेय. आता हट्ट सोडायला सांगू का हिला?" आईनं बसल्या बसल्या विचारलं. मुलगी खाली मान घालून होती. जीवशास्त्र, रसायनशास्त्रात उत्तम गुण, ब्रिटनमधल्या मेडिकल कॉलेजांत अर्ज करायचा होता. पण तिथल्या यूकॅट या प्रवेश चाचणीच्या सरावात स्कोअर फार कमी. हीच भीती घेऊन माझ्याकडे अनेक घरं येतात.

खरा घोळ आपल्या शब्दानं केलाय. ॲप्टिट्यूड टेस्टला आपण सर्रास 'कल चाचणी' म्हणतो. कल म्हणजे ओढा, आणि यूकॅट ओढा मोजतच नाही. दिलेल्या माहितीवरून झटपट, अचूक विचार करता येतो का, हे ती मुख्यतः बघते.

मुलीचा सराव पेपर आम्ही मिळून उघडला. उताऱ्यांच्या विभागात 22 मिनिटांत 44 प्रश्न असतात, म्हणजे वाचनासकट एका प्रश्नाला अर्धं मिनिट. तिनं सोडवलेलं बहुतेक बरोबर होतं, शेवटचे तीन उतारे मात्र कोरे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरीही कोरे! "खात्री नसताना उत्तर कसं देऊ?" ती म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं. डॉक्टरमध्ये हा गुण मला हवाच आहे. परीक्षेत मात्र तो बाजूला ठेवायला शिकावं लागतं.

आणखी एक गोष्ट आईनं सांगितलीच नव्हती. घाबरलेला रुग्ण, चुकलेला सहकारी अशा प्रसंगी काय करावं, हे विचारणाऱ्या विभागाचा निकाल चार श्रेणींत लागतो. त्यात मुलगी पहिल्या श्रेणीत होती.

स्कोअर वाढेलच, असं मी म्हणाले नाही. घड्याळ लावून रोज चार उतारे, आणि वेळ संपताना एकही प्रश्न कोरा नाही, एवढंच ठरवलं. यूकॅटचा स्कोअर अर्जाच्या मुदतीआधी हातात येतो आणि मेडिकलसाठी चारच ठिकाणी अर्ज करता येतो. काही कॉलेजं स्कोअरवरच चाळणी लावतात, काही शालेय गुणांनाही वजन देतात. म्हणून कॉलेजं स्कोअर बघूनच निवडायची.

"ती यादी कोण करणार?" आईनं विचारलं. मुलीनं पिशवीतून वही काढली. प्रत्येक कॉलेजपुढे तिथली निवडीची पद्धत तिनं आधीच लिहून ठेवली होती.