वह्या परत देऊन टाक

अगं, तुझा मेसेज वाचला. सातवीच्या पोरांकडनं स्वतःच्या गोष्टी स्टेजवर सांगून घ्यायच्यात आणि तू आधी सगळ्यांना लिहून आणायला सांगितलंस, गडबड तिथंच झालीय बघ. लिहिलं की त्याचा निबंध होतो आणि शेवटी 'तेव्हापासून मी ठरवले' येतंच. वह्या परत दे, जोड्या कर, एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं फक्त 'मग?' विचारायचं, तीन मिनिटं, मग उलट. चार जणांना सांगून झाली की गोष्ट आपोआप बसते. पाठ करायचं असलंच तर पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं करू दे, म्हणजे कुठनं निघायचं आणि कुठं थांबायचं ते कळतं.

माझ्या वर्गात तासगावकडचा एक पोरगा होता, त्यानं काय आणलं तर वृक्षारोपण. मधल्या सुट्टीत मात्र मित्राला सांगत होता, की रात्री अवकाळी आला आणि बेदाणा शेडवर, म्हणजे द्राक्षं वाळत घालतात तिथं, सगळे पडदे सोडायला पळाले, याच्या हातात टॉर्च दिला आणि जो तो ओरडतोय, हिकडं धर, आरं तिकडं न्हवं, आणि सेल उतरलेला म्हणून हा टॉर्च मांडीवर आपटतोय. म्हटलं हेच सांग की. तर म्हणे, "मॅडम, मी तर नुसता टॉर्च धरलोय, त्यात काय सांगायचं?" सांगितली शेवटी, मांडीवर हात आपटत, आणि तो हातवारा मी शिकवलेला नव्हता हं. तू पण हातवारे बसवू नकोस, आणि 'लय', 'गेल्तो' सुधारत बसू नकोस, शुद्ध बोलायच्या नादात पोरगं गोष्ट विसरतं.

एक चूक माझी सांगते. 2019 च्या पुरात इथं सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45, निम्म्या गावाच्या घरात पाणी. पुढच्या वर्षी गोष्टीच्या कार्यक्रमात मी एका मुलीला पुराचंच सांग म्हणून मागं लागले, मला वाटलं लोकांना भिडेल. ती सांगत सांगत म्हशीपर्यंत आली, दावं सोडलं म्हणाली आणि गप्प. माईक हातात, हॉल गप्प, आणि मी विंगेत उभी. मागनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, ते तर आणखी वाईट. तेव्हापासून मी विचारते, हे घरी कुणाला सांगितलंयस का, सांगताना कसं वाटतं? ज्याच्या आठवणीनं अजून रडू येतं ते स्टेजवर नको, आणि ऐनवेळी गोष्ट बदलायची मुभा हवीच. एखाद्यानं काही गंभीर सांगितलं तर स्टेज बाजूला ठेव, आधी त्याच्याशी एकटं बोल आणि गरज वाटली तर हेडसरांना सांग.

पालकांचं काय करायचं ते तूच बघ. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथंच 'सीतास्वयंवर' नाटक केलं, मराठी रंगभूमीची सुरुवात तीच मानतात, त्यामुळं स्टेज म्हटलं की सांगलीकरांच्या अंगात येतं, कोण फेटा आणेल, कोण बॅकग्राउंड म्युझिक. नंबर तेवढे काढू नकोस, बाकी फेट्याचं चालवून घेऊ.

शुक्रवारी तालीम आहे ना? येते मी, मागच्या बाकावर बसेन. माईकची उंची आधी बघून ठेव, पोरं बुटकी आहेत तुझी.