आईचं शरीरच गर्भ नाकारतं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा आठव्या आठवड्याच्या आत ठोके थांबले. सासूबाई म्हणतात, माझ्याच अंगात बाळ टिकत नाही. एका ठिकाणी ‘तुमची प्रतिकारशक्ती बाळावर उलटते’ असं सांगून रक्तातल्या एनके पेशी (‘नॅचरल किलर’, एक प्रकारच्या प्रतिकारक पेशी) तपासायला सांगितल्या. करू का?

उत्तर: नका करू, ताई. बाळाचा निम्मा वारसा वडिलांचा असतो, मग आईचं शरीर त्याला परकं समजून हाकलत का नाही, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही, पण एवढं नक्की कळलंय की आईची प्रतिकारशक्ती गर्भाला नुसती सहन करत नाही, त्याला रुजायला मदत करते. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रतिकारक पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके पेशीच असतात. आईच्या बारीक धमन्या रुंद होऊन वारेला पुरेसं रक्त मिळावं, यात त्यांचा हात असतो. दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी निराळ्या. त्यांच्या आकड्यावरून गर्भाशयात काय चाललंय ते समजत नाही.

पहिल्या तीन महिन्यांतल्या निदान निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो बहुधा गर्भ राहतानाच ठरलेला असतो. तुम्ही काय खाल्लं, काय उचललं, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे सासूबाईंना शेजारी बसवून वाचून दाखवा.

तपासायचं ते अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. या आजारात शरीरातल्या काही अँटिबॉडी वारेच्या पेशींना इजा करतात आणि रक्ताच्या गुठळ्याही करतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशा तीन तपासण्या असतात. पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण साध्या संसर्गानंतरही ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. एका रिपोर्टवर औषधं सुरू करून घेऊ नका. सोबत थायरॉइडची रक्ततपासणी आणि गर्भाशयाची सोनोग्राफी करा. नागपुरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा डागा या सरकारी स्त्री रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवलंत तरी चालेल.

प्रश्न (कामठी): दोघांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, म्हणून गर्भ टिकत नाही का? नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची लस घ्यायला सांगतात.

उत्तर: रक्तगट एकच असल्याने गर्भ पडत नाही. त्या लसीची नीट चाचणी १९९९ मध्ये झाली, फायदा दिसला नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ती फक्त संशोधनापुरती ठेवली. कर्ज काढून ती घेणारी जोडपी पाहिली की फार वाईट वाटतं. ते पैसे पुढच्या बाळंतपणाला ठेवा.

प्रश्न (वाडी): ‘टॉर्च’ तपासणी (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांची) करू?

उत्तर: वारंवार गर्भपाताचं कारण त्यातून कळत नाही. नको.

प्रश्न (काटोल): माझी अँटिफॉस्फोलिपिड तपासणी दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली, तीन गर्भपात झालेत. आता दिवस गेलेत. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन रोज घ्यायचंय. बाळाला लागेल का?

उत्तर: हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबरोबर ते घेणं हाच या आजारावरचा पुराव्यांचा आधार असलेला उपचार आहे. बेंबीपासून चार बोटं बाजूला कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचं, मग चोळायचं नाही. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. थोडं काळंनिळं पडतं, घाबरू नका. डाग पसरू लागला किंवा अंगावरून जाऊ लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पाकिटावरचं तापमान वाचा, बहुतेक २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा औषध स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नका, फ्रीझरमध्येही नाही. बाळंतपणानंतर इंजेक्शन आपल्या मनाने थांबवू नका. गुठळीचा धोका तेव्हा वाढतो, म्हणून सहसा सहा आठवडे चालू ठेवतात.