घरी जाणाऱ्या कामाला नेट नको

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. चाचणीची लिंक पाठवलीस, नऊ मुलांनी ती उघडलीच नाही. आता त्यांना शून्य द्यायचं की सगळ्यांची चाचणी रद्द करायची, असं विचारतेस. दोन्ही नको. चाचणी चांगलीच असेल, ती घरी पाठवलीस तिथे चुकलीस. घरी जाणाऱ्या कामाला नेट लागता कामा नये.

‘वर्गात विचारलं तेव्हा दोघांनीच हात वर केले,’ असं लिहितेस. अगं, चारचौघांत कोण सांगेल? शिवाय ‘नेट आहे का’ हा प्रश्नच फसवा. फोन असतो, पण तो आईचा असतो. ती रात्री साडेआठला घरी येते, बॅटरी संपत आलेली, आणि दोन भावंडं आधीच रांगेत. तुझ्या यादीत मात्र ‘आहे’. म्हणून चिठ्ठीवर विचार: फोन कोणाचा, घरी कधी असतो, किती जण वापरतात, डेटा पुरतो का.

हे मला कोणी शिकवलं नाही. एका मुलीच्या वहीत मी लाल शाईने तीनदा ‘काम अपूर्ण’ लिहिलंय. विचारलं की ती म्हणायची, ‘विसरले’. वर्ष संपल्यावर तिच्या मैत्रिणीकडून कळलं, की शेजाऱ्यांनी वायफायचा पासवर्ड बदलला होता. एवढंच. ती लाल अक्षरं अजून डोळ्यांसमोर येतात.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. सहकारी मला जुनाट म्हणाले, तंत्रज्ञानाचा शत्रू म्हणाले. शत्रू कसला! रास्पबेरी पायसारख्या इवल्याशा संगणकावर कोलिब्री हे नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर चढवून वर्गात धडे दाखवणारा मीच होतो. किविक्स नावाच्या अ‍ॅपवर विकिपीडिया नेटशिवाय उघडतो, हेही मीच त्यांना दाखवलं. वर्गात हवं तेवढं तंत्रज्ञान वापर. घरी जाणाऱ्या कामाला नेट नको, एवढंच म्हणतोय. आणि हो, त्या वेळी मी जरा जास्तच भांडलो असेन. पण चुकलो नव्हतो.

जरा हिशेब कर. दहा मिनिटांचा व्हिडिओ, सेकंदाला एक मेगाबिट धरला तरी ७५ एमबी. त्यातला नुसता आवाज सेकंदाला ६४ किलोबिटवर ठेवलास तर पाच एमबीच्या आत. तेच मुद्दे कागदावर उतरवलेस तर एक पान, शून्य एमबी. आवाजाची फाइल मुलांना शाळेतच उतरवून घेऊ दे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना कागद दे. खरं तर कागद सगळ्यांनाच दे, म्हणजे कागद कोणाला मिळाला यावरून कोणी ओळखलं जाणार नाही.

आणि ‘आता सगळ्यांकडे असतंच’ हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. २०२० मध्ये युनिसेफ आणि आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने मोजलं, तेव्हा जगातल्या ३ ते १७ वयाच्या १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. म्हणजे तीनातल्या दोघांच्या. पुढे आकडे हलले असतील. तुझे नऊ तुझ्यासमोरच बसलेत.

उद्या पहिल्या तासाला सगळ्यांनाच तीच चाचणी कागदावर दे. लिंकवरचे गुण विसर, उशिराचे गुण कापू नकोस. चिठ्ठ्या तू स्वतः गोळा कर, मॉनिटरला सांगू नकोस. त्यात काय निघालं ते मला कळव.